नावे आणि आकडे

युद्धाचा इतिहास बहुधा सेनापतींच्या नावांनी लिहिला जातो. शिपायांचा त्यात आकडा येतो, आणि ओझी वाहणाऱ्या मजुरांचा तोही येईलच असे नाही. हा भेद केवळ पुस्तकांतला नव्हे. तो दगडावरही कोरलेला असतो. आम्हांला तो परमुलखात गेल्यावर नीट उमगला.

उत्तर फ्रान्समध्ये नव-शापेल या खेड्याजवळ पहिल्या महायुद्धातील हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. मार्च १९१५ मध्ये येथे तुंबळ लढाई झाली. १९२७ साली स्मारकाचे अनावरण झाले. अशोकस्तंभाची आठवण करून देणारा पंधरा मीटर उंचीचा स्तंभ, आणि भोवतालच्या भिंतीवर ४,७०० हून अधिक नावे. ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही, अशा शिपायांची व मजुरांची ही नावे. गढवालचा गबरसिंग नेगी १० मार्च १९१५ रोजी तेथे पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचे नाव तेथे आहे, आणि ज्यांना कोणतेच पदक मिळाले नाही त्यांचीही आहेत. ती वाचताना आमची पावले आपोआप मंदावली.

इराकमधील बसऱ्याची कथा मात्र निराळी. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत ‘पुणे डिव्हिजन’ लढली. तीत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कुतच्या वेढ्यात अन्न संपले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली. पुढे कैदेतही कित्येक मेले. १९२९ साली बसऱ्यास स्मारक झाले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार आकडे मांडले. या भेदभावाबद्दल राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली जाहीर क्षमा मागितली.

कोणी म्हणेल, परक्या साम्राज्यासाठी मेलेल्यांचे एवढे कौतुक कशाला? प्रश्न कौतुकाचा नाहीच. पुष्कळजण पोटासाठी गेले. साम्राज्य लयाला गेले. पण ज्या घरचा कर्ता गेला, ते घर आपलेच होते. कामगार संघटनेत आम्ही हेच पाहतो. कंत्राटदाराच्या वहीत नुसते ‘वीस माणसे’ असे लिहिलेले असले, म्हणजे अपघातानंतर भरपाई मागायला आलेल्या विधवेला आधी आपला नवरा त्या विसांत होता हेच सिद्ध करावे लागते. आकड्याला वारस नसतो.

आपल्याकडील काही गावांतही त्या युद्धाच्या शिळा आहेत: या गावातून इतके लढाईस गेले, त्यांपैकी इतके कामी आले. तेथेही नुसते आकडेच! बसऱ्याचा दगड दूर आहे. हा तर वेशीजवळच आहे. जुन्या घरांतून विचारपूस करून, पलटणींची दप्तरे धुंडाळून, त्या आकड्यांपुढे नावे लिहिणे हे काम आपल्याच हातचे आहे.