अन्डू नसलेले दिवस

दिवाळीत चंद्रपूरला घरी गेलो होतो. एक दिवस सवड काढली आणि नागपूरच्या अजब बंगल्यात जाऊन बसलो. (म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, 1863 सालचं. पण ते नाव आमच्याकडे घेतं कोण!) हातात नवाकोरा टॅबलेट आणि त्याचं पेन, समोर एक दगडी मूर्ती. चित्रकलेत माझी मजल एलिमेंटरीच्या बी ग्रेडपर्यंत, तेव्हा काय होणार होतं ते झालं. तासाभरात नाक अकरा वेळा काढलं आणि अकरा वेळा अन्डू केलं.

मग डोक्यात किडा वळवळला. अन्डू नव्हतं तेव्हा लोक शिकायचे कसे?

जुन्या चित्रासमोर बसून, नक्कल करून. आणि आपल्याकडचं या नकलेचं सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे अजिंठा. 1844 साली कंपनी सरकारनं रॉबर्ट गिल नावाच्या मद्रास फौजेतल्या अधिकाऱ्याला भित्तिचित्रांच्या प्रती करायला पाठवलं. जवळजवळ वीस वर्षं तो तिथे रंगवत राहिला. चित्रं लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली आणि डिसेंबर 1866 च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. बॅकअप? शून्य.

मग 1872 पासून मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले, ते थेट 1885 पर्यंत. पुढे नावारूपाला आलेले पेस्तनजी बोमनजी त्यातलेच एक. मला खरं कुतूहल आहे ते या पोरांचं. कॉलेजात प्लास्टरचे विलायती पुतळे समोर ठेवून छाया-प्रकाश गिरवायचा, आणि इथे गुहेच्या अंधारात दीड हजार वर्षांपूर्वीचा कुणी अनाम चितारी रेषेच्या एका वळणात हाताची गोलाई दाखवून मोकळा! त्यांचा मास्तर ग्रिफिथ्स की तो, हे तुम्हीच ठरवा.

या प्रतीही लंडनलाच गेल्या, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात. 1885 मध्ये तिथे आग लागली आणि त्यातल्या कितीतरी जळाल्या. पुन्हा सगळा माल एकाच सर्व्हरवर... असो.

पण आगीपेक्षा मला जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. प्रती करताना मूळ चित्रं उठून दिसावीत म्हणून भिंतींवर वॉर्निश फासलं गेलं. ते पिवळं पडलं, रंगाचे पापुद्रे सुटू लागले. शेवटी 1920 च्या सुमारास निजाम सरकारला इटलीहून तज्ज्ञ आणावे लागले. थोडक्यात, टेस्टिंगसाठी थेट प्रॉडक्शनवर हात घातला! (मीही एकदा घातलाय. ती रात्र विसरणार नाही.)

दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या गाडीवर, मूलमार्गे मार्कंड्याला गेलो. चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा जिथे उत्तरेकडे वळते तिथे काठावरची ही देवळं. 1870 च्या दशकात कनिंगहॅमनं यांची नोंद केली होती. इथे भिंतींवर मूर्तीच मूर्ती, आणि त्या उघड्यावर आहेत. वॉर्निश कुणी लावलं नाही, पण ऊनपावसानं सोडलेलं नाही. मी निवडलेल्या बाईचं नाक पार झिजलेलं.

माझं तर नाकाशीच वैर! तरी या वेळी छान जमलं, सरळ, तरतरीत. इतक्यात मागून एक म्हातारबा वाकून बघायला लागले.

"का काढून रायला गा?"

"हीच मूर्ती काढतोय, आजोबा."

त्यांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे.

"मंग नाक कायले लावलं? तिले नाक नाही ना!"

नाक सुदैवानं वेगळ्या लेयरवर होतं. तो बंद केला आणि झिजलेला दगड दिसतो तसा काढायला बसलो. नाकापेक्षा ते कितीतरी अवघड निघालं, संध्याकाळ झाली.

फाईल दोन ठिकाणी ठेवली आहे. एक पुण्यात, एक चंद्रपूरला घरच्या जुन्या हार्डडिस्कवर.