वेगाआधीची तयारी

परवा अमेरिकेतून नातवाचा फोन. रविवारी त्याची पहिली ऑटोक्रॉस, तीही रोजच्या ऑफिसच्या गाडीने! माझ्या पोटात गोळाच आला.

"आजोबा, मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडतात, एका वेळी एकच गाडी सोडतात. डिकी रिकामी केली, चाकांचे नट आवळले, हवा तपासली, हेल्मेट घेतलं."

मी पडलो इतिहासाचा मास्तर. आठवली २२ जुलै १८९४ ची पॅरिस-रुआँ स्पर्धा. द दिआँची वाफेची गाडी पहिली पोचली, पण तिला भट्टीवाला लागे. गाडी सुरक्षित, हाताळायला सोपी, कमी खर्चाची हवी, अशी अट होती. म्हणून पहिलं बक्षीस पजो आणि पानार-लव्हासॉरना विभागून दिलं.

म्हणजे पोरगा जुन्याच वाटेने चाललाय. तरी म्हटलंच, "झाल्यावर लगेच फोन कर रे."