मोसंबीची बाग (जालना जिल्हा)

अंबड, घनसावंगी, बदनापूर, जालना या तालुक्यांतील प्रमुख लिंबूवर्गीय फळबाग. ‘जालना मोसंबी’ला भौगोलिक मानांकन असून बदनापूरला या पिकाचे संशोधन केंद्र आहे. पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या मागेपुढे, तोही लहरी.

मोसंबी सदाहरित, मोकळी सोडली तर वर्षभरात दोन-तीनदा थोडीथोडी फुलते. बागायतदाराला मात्र फुले एकदम हवी असतात, म्हणून तो झाडाला ताण देतो. आंबे बहरासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलांसाठी, हिवाळ्यात पाणी तोडतात. पाने पिवळी पडून गळतात, वाढ थांबते आणि अन्न फांद्यांत साठते. हलकी जमीन महिनाभरात ताणावर येते. भारी काळी जमीन ओल धरून बसते, तिला जास्त दिवस लागतात. मग जानेवारीत खत, हलके आंबवणीचे पाणी आणि त्यानंतर चिंबवणीचे. काही आठवड्यांत नवती आणि कळ्या एकदमच फुटतात.

या मेजवानीचे आमंत्रण इतरांनाही पोचते. कोवळ्या पानात नागअळी पांढरी वळणे कोरते. सिला ही इवलीशी कीड रस शोषते आणि ग्रीनिंग रोगाचे जिवाणू झाडोझाडी नेते. तिच्यावर ढालकिडे ताव मारतात. सरसकट फवारणीत आधी हेच मित्र मरतात. लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी तर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी फसतात. मोठी झाली की ती हिरवी होते. तिला डिवचले तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग काढून उग्र वास सोडते. ती अंगणातल्या कढीपत्त्यावर आणि देवळाजवळच्या बेलावरही वाढते.

मित्रकीटकांचा उपयोग नवा नाही: चीनमध्ये अशा किडींविरुद्ध लिंबूवर्गीय झाडांवर मुंग्यांची घरटी टांगत. याची नोंद इ. स. ३०४ च्या सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या एका ग्रंथात आहे.

जमिनीखालचा कारभार कमी दिसतो. मोसंबीच्या मुळांवर केसांसारखे तंतू तोकडे असतात, म्हणून स्फुरद मिळवायला तिला मायकोरायझा बुरशीची साथ लागते. दुसरा एक बुरशीसारखा सूक्ष्मजीव मात्र पाणी साचले की खोड सडवतो; हाच डिंक्या रोग. त्यामुळे रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेला डोळा मातीच्या बराच वर ठेवतात आणि खोडाला बोर्डो पेस्ट लावतात.

फळाचा खरा चोर रात्री येतो. रस शोषणारा पतंग टणक सोंड खुपसतो, छिद्रातून बुरशी शिरते आणि फळ गळते. त्याची अळी मोसंबी खातच नाही. ती बांधावरच्या गुळवेल-वासनवेलीवर पोसते, तेव्हा नुसती बाग फवारून भागत नाही. पतंगाचा जोर पावसाळ्याच्या उत्तरार्धात, नेमका आंबे बहराची फळे भरताना. जूनच्या पावसावर फुटणारा मृग बहर या पतंगापासून बराचसा सुटतो, शिवाय ऐन उन्हाळ्यात त्याच्या फळांना पाणी द्यावे लागत नाही. पण हा पाऊस लांबला की फूटच बिघडते. २०१२-१३ च्या दुष्काळात ताण बागायतदाराच्या हातात उरला नाही: काहींनी टँकरने बागा जगवल्या, तर अनेकांना वाळलेली झाडे तोडावी लागली.