हरळी, दूर्वा आणि हिरवळ

हरळी आणि दूर्वा ही एकाच गवताची दोन नावे. शेतात असते तेव्हा ती हरळी, गणपतीच्या मस्तकावर चढते तेव्हा दूर्वा. शेतकरी तिच्या नावाने बोटे मोडतो. जमीन खणून तिच्या काशा वेचतो, बांधावर वाळत टाकतो, आणि एवढे करून एखादे कांडे मातीत राहिलेच तर पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा हजर होते. वैदिक ऋषींनी याच गुणासाठी तिची स्तुती केली. पेरापेरातून अंकुरणारी म्हणून वंशवृद्धीचे मागणे त्यांनी तिच्याकडे मागितले. एकाचा शाप तो दुसऱ्याचा आशीर्वाद. या गवताचे तिसरे रूप मात्र अलीकडचे, आणि ते म्हणजे बंगल्यापुढची हिरवळ. त्या रूपात ते अमेरिकेत जाऊन ‘बर्म्युडा’ हे नाव घेऊन आले. बर्म्युडा बेटाचे ते मूळचे नव्हे, पण नावांचा न्याय असाच असतो.

पुण्यात माझ्या घरापुढे थोडी मोकळी जागा आहे. तिच्या एका अंगाला आंबा आहे, दुसऱ्या अंगाला बकुळ. पाऊस चार महिने. उरलेले आठ महिने कोरडे. तेव्हा पाण्याचा ताण सोसणारे आणि झाडाच्या सावलीतही तग धरणारे असे एखादे गवत मिळेल का, असा साधा प्रश्न माझ्यापुढे होता. त्याचे उत्तर शोधू लागलो आणि बागकामाच्या प्रश्नातून मी इतिहासात येऊन पडलो.

हिरवळीची हौस मूळची इंग्लंडची. तेथे आभाळ बारा महिने झिरपत असते, ऊन सौम्य असते; गवत आपोआप वाढते आणि प्रश्न उरतो तो ते कापण्याचा. तो १८३० साली एडविन बडिंग नावाच्या कारागिराने सोडविला. लोकरी कापडावरची लव कातरणारे यंत्र त्याने पाहिले आणि त्याच धर्तीवर गवत कापण्याचे यंत्र बनवून त्याचे पेटंट घेतले. तोवर उमरावांना मेंढ्या किंवा विळेवाले बाळगावे लागत; पुढे मध्यम स्थितीतल्या माणसालाही दारापुढे हिरवा गालिचा ठेवता येऊ लागला. साम्राज्याबरोबर ही हौस उष्ण देशांत गेली. हौस गेली, पण पाऊस गेला नाही. येथूनच आपली अडचण सुरू होते.

ही अडचण गवताच्या शरीरातच आहे. हरळी ही उन्हाची लेक. ऊस, मका, ज्वारी यांच्याच रीतीने ती हवेतला कर्बवायू बांधते. या रीतीला पाणी कमी पुरते, पण प्रकाश भरपूर लागतो. पाणी तुटले की हरळी वरची पाने वाळवून टाकते आणि जमिनीखालच्या काशांत जीव धरून बसते. सावलीत मात्र तिची पेरे लांबतात, पाने विरळ होतात आणि वर्षा-दोन वर्षांत ती जागा सोडते. उलट अमेरिकेत ज्याला ‘सेंट ऑगस्टीन’ आणि ऑस्ट्रेलियात ‘बफेलो’ म्हणतात ते रुंद पानांचे गवत सावलीत चांगले नांदते. पण त्याचे धुमारे जमिनीवरूनच सरपटतात, खाली ठेवा असा नसतो. दुष्काळ लांबला की ते हतबल होते. शिवाय झाडाखाली सावलीबरोबर तहानही असते, कारण तेथले पाणी झाडाची मुळे आधी पितात.

या दोन टोकांच्या मधले गवत एक आहे, आणि त्याची पहिली नोंद आपल्याच किनाऱ्यावरची आहे. १७७१ साली लिनीयसने मलबारच्या एका बारीक गवताचे वर्णन केले. आज त्याला ‘झोयसिया मॅट्रेला’ म्हणतात. १९११ साली पायपर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते फिलिपाइन्समधून अमेरिकेत नेले, म्हणून बाजारात ते ‘मनिला गवत’ झाले. वाढायला फार मंद. पण जमिनीखाली काशा, वर धुमारे, आणि अर्धवट सावली सोसण्याची तयारी. त्याच्या कोरियातल्या भावंडाचे बी १९०५ साली फ्रँक मेयर नावाच्या भटक्याने अमेरिकेस पाठविले. हा गृहस्थ आशिया खंड पायी तुडवीत झाडेझुडपे गोळा करी. १९१८ साली यांगत्से नदीत त्याचा अंत झाला, आणि १९५१ साली हिरवळीच्या एका गवताला त्याचे नाव मिळाले. मंद वाढणाऱ्या गवताला साजेसा हा उशीर!

पण या साऱ्या कथेत मला मोठा वाटला तो ग्लेन बर्टन. १९३६ साली तो जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन येथील संशोधन केंद्रावर आला. तेथले कापूस पिकविणारे शेतकरी हरळीचा आपल्या शेतकऱ्यांइतकाच द्वेष करीत. याच वैऱ्यावर बर्टनने जन्म वेचला. कापसाच्या जुन्या शेतात सापडलेल्या हरळीचा दक्षिण आफ्रिकेतल्या हरळीशी संकर करून त्याने १९४३ साली गुरांसाठी चारा दिला. पुढे १९५६ साली ‘टिफग्रीन’ आणि १९६० साली ‘टिफवे’ ही हिरवळीची गवते आली आणि जगभरच्या मैदानांवर पसरली. ही संकरित गवते वांझ असतात. बी धरत नाहीत, कांड्या लावूनच वाढवावी लागतात. म्हणजे पेरापेरातून अंकुरण्याचा तो वेदकालीन गुणच येथे कामी आला.

याच बर्टनकडे बाजरीचेही काम होते. स्वतःचा पराग नसलेली बाजरीची एक वाण, ‘टिफ्ट २३ अ’, त्याने तयार केली आणि ती भारताला मिळाली. तिच्या पोटी लुधियाना येथे डॉ. अटवाल यांनी १९६५ साली ‘एचबी-१’ ही पहिली संकरित बाजरी काढली. १९७०-७१ साली देशातले बाजरीचे पीक ८० लाख टनांवर, म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या दुपटीहून अधिक गेले. हिरवळीच्या गवतावर हात बसलेल्या माणसाने माण-खटावच्या भाकरीला हात लावावा, हे ऋण आपण क्वचितच आठवतो. पण गोष्ट येथे संपत नाही. संकरित वाणांची आई एकच होती, आणि ती गोसावी रोगाला बळी पडणारी होती. सत्तरीच्या दशकारंभी रोगाने शेतेच्या शेते नासली. एकाच रोपाची कोटी रूपे करणाऱ्याने हा धडा विसरू नये.

आणि पाण्याचा धडा तर आपल्या दारातला आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा टाक्यांची आगगाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. वादाचे मूळ होते मैदानांच्या पाण्यात. मी कागदावर हिशेब केला. शंभर चौरस मीटर हिरवळीला उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचे तर ५०० लिटर लागतात. अशा हजार हिरवळी एका दिवसात ती आगगाडी रिकामी करतील.

तेव्हा माझा निर्णय असा झाला. जेथे दिवसभर ऊन पडते तेथे हरळी. वैशाखात ती पिवळी पडली तर पडू द्यावी, कारण पिवळी म्हणजे मेलेली नव्हे. बकुळीच्या विरळ सावलीच्या कडेला मनिला गवत. आंब्याच्या गर्द छायेत काहीच नाही. तेथे त्याचाच पालापाचोळा राहील आणि मुळांची ओल धरील. टिफ्टनमध्ये बर्टनच्या मागून आलेल्यांनी गेल्या काही वर्षांत सावली सोसणारी एक हरळी आणि दुष्काळ सोसणारी एक हरळी काढली आहे. पण पाहा, तीही दोन निराळी गवते आहेत. एका गवताने सर्व सोसावे ही अपेक्षा माणसाची. जमीन मात्र हातहातभर बदलते. हिरवळ बारा महिने हिरवीच असली पाहिजे हा नियम बारा महिने पाऊस असणाऱ्यांनी केला. चार महिन्यांच्या पावसावर जगणाऱ्याने तो का पाळावा?