वेगाची उसनी जमीन

आपल्याकडे शंकरपट भरतो तो सुगी झाल्यावर, मोकळ्या झालेल्या रानात. ज्या जमिनीत थोड्याच दिवसांपूर्वी पीक उभं होतं, तिथे दोन दिवस बैल पळतात, धुरळा उडतो, आणि मग जमीन पुन्हा शेतकऱ्याची होते. शर्यतीला स्वतःची जमीन नसते. ती कुणाकडून तरी उसनी घ्यावी लागते. हौशी मोटरसायकलस्वारांच्या शर्यतींचा इतिहास वाचताना मला ही गोष्ट सारखी आठवत राहिली.

मी काही शर्यतीतला माणूस नव्हे. मी कविता लिहिणारा, आणि माझी गाडी बाजारापलीकडे फारशी जात नाही. पण आमच्या मोहल्ल्यात गॅरेजं पुष्कळ. तिथल्या बाकड्यावर बसून चहा पिता पिता जे ऐकलं, त्यानंच मला या विषयाच्या नादी लावलं. त्यातही पैसे घेऊन पळणाऱ्या नामांकित शर्यतपटूंपेक्षा मला ओढ वाटली ती हौशी मंडळींची. सोमवार ते शनिवार नोकरी करायची आणि रविवारी पदरचे पैसे घालून गाडी पळवायची, अशी ही माणसं.

‘हौस’ या शब्दाची एक गंमत आहे. तो आला अरबी-फारसीतल्या ‘हवस’वरून. उर्दूत हवस म्हटलं की हाव, वासना असा अर्थ डोळ्यांपुढे येतो. मराठीत येताना त्या शब्दानं आंघोळ केली, स्वच्छ कपडे घातले आणि तो हौस झाला. ‘शर्यत’ही तिकडचीच, मुळात ‘शर्त’, म्हणजे अट. या दोन शब्दांमध्ये आजच्या विषयाचा बराचसा भाग येतो. हौस आहे, पण तिला जागा पाहिजे आणि अट पाहिजे.

जागेचा प्रश्न पहिल्यांदा जोरात उभा राहिला तो इंग्लंडात. 1903 च्या मोटर कायद्यानं तिथे ताशी 20 मैलांची, म्हणजे 32 किलोमीटरची मर्यादा घातली. सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीला तिथलं पार्लमेंट परवानगी देईना. मग मंडळींची नजर गेली आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅनकडे. या छोट्या बेटाची स्वतःची विधानसभा आहे, तिचं नाव टिनवाल्ड. तिनं 1904 मध्ये कायदा करून शर्यतीपुरते रस्ते बंद ठेवायला मान्यता दिली. त्याच बेटावर 28 मे 1907 रोजी मोटरसायकलींची पहिली टुरिस्ट ट्रॉफी झाली. सुमारे साडेपंचवीस किलोमीटरच्या दहा फेऱ्या, आणि रस्ता कच्चा. एक सिलिंडरच्या गटात चार्ली कॉलियर जिंकला. त्याची गाडी मॅचलेस, त्याच्या घरच्याच कारखान्यात बनलेली. त्याला चार तासांहून थोडा अधिक वेळ लागला आणि सरासरी वेग पडला ताशी 61 किलोमीटर. आज आपल्याकडचं कॉलेजातलं पोरगं एवढ्या वेगाला ‘हळू चालवतोय’ म्हणतं.

त्याच 1907 साली लंडनच्या नैऋत्येला, वेब्रिजजवळ, ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदारानं स्वतःच्या इस्टेटीवर मोटरींसाठी एक भलाथोरला गोल रस्ता बांधला. हेच ब्रुकलँड्स. एक फेरी पावणेतीन मैलांची, रस्त्याची रुंदी शंभर फूट आणि वळणावरची कड जवळजवळ तीस फूट उंच. सगळं बांधकाम काँक्रीटचं. या कामात लॉक किंग यांची संपत्ती उतरणीला लागली, इतका खर्च झाला. ट्रॅक बांधला मोटरींसाठी, पण पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी 1908 मध्ये, ऑक्सफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी आपापसांत पैज लावून तिथे मोटरसायकली पळवल्या. ब्रुकलँड्सवरची मोटरसायकलींची पहिली शर्यत ती हीच. ना बक्षीस, ना बँड. दोन पोरं, दोन गाड्या आणि दुसऱ्याच्या मालकीचा रस्ता.

1909 मध्ये ब्रिटिश मोटर सायकल रेसिंग क्लब स्थापन झाला. इंग्रजी आद्याक्षरांचं लाडकं रूप करून त्याला ‘बेमसी’ म्हणतात. मोटरसायकल शर्यतींचा जगातला सर्वांत जुना क्लब म्हणून तो आपली ओळख सांगतो. या क्लबानं केलेलं एक काम मला फार आवडतं. ब्रुकलँड्सवर शर्यतीत ताशी शंभर मैलांपेक्षा, म्हणजे 161 किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं फेरी पुरी करणाऱ्याला क्लब सोन्याचा एक छोटासा तारा देई, कोटाच्या कॉलरला लावायचा. त्या चिमुकल्या ताऱ्यासाठी माणसं वर्षानुवर्षं गाडी उघडायची, जोडायची, पुन्हा उघडायची. 1937 मध्ये वॉल हँडली यानं बीएसए कंपनीच्या गाडीवर तो मिळवला आणि पुढच्या वर्षी कंपनीनं आपल्या नव्या गाडीचं नावच ‘गोल्ड स्टार’ ठेवलं. म्हणजे बाजारातल्या गाडीला नाव मिळालं ते हौशी क्लबाच्या बिल्ल्यावरून. हल्ली उलटं होतं. कंपनीची नावं आपल्या छातीवर येतात.

हा तारा मिळवणाऱ्या स्त्रिया अवघ्या तीन, आणि तिघीही एकापेक्षा एक. फ्लॉरेन्स ब्लेंकिरन हिनं 1934 मध्ये तो मिळवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती आणि तिची मैत्रीण टेरेसा वॉलक लंडनहून निघाल्या. पँथर मोटरसायकल, तिला साइडकार, मागे सामानाची ट्रेलर. सहारा ओलांडून 29 जुलै 1935 रोजी दोघी केपटाऊनला पोचल्या. टेरेसानं आपला तारा 1939 मध्ये मिळवला.

तिसरी बिआट्रिस शिलिंग. खाटकाची लेक. चौदाव्या वर्षी तिनं मोटरसायकल घेतली आणि पुढे मँचेस्टरला इंजिनिअर झाली. मुलींनी इंजिनिअर होणं तेव्हा तिकडेही नवलाचंच होतं. 1934 मध्ये नॉर्टन गाडीवर ताशी 106 मैलांची फेरी मारून तिनं तारा घेतला. जॉर्ज नेलर या आपल्या भावी नवऱ्याला तिनं सांगितलं होतं म्हणे, की तूही तो तारा मिळव, मग लग्न. ही दंतकथा असेल. लग्न झालं 1938 मध्ये, एवढं खरं. पुढे युद्ध आलं. हरिकेन आणि स्पिटफायर या विमानांचं मर्लिन इंजिन, विमानानं एकदम नाक खाली घातलं की गचके खाऊन बंद पडे, कारण कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल तुंबे. जर्मन विमानांना ही अडचण नव्हती. फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेत काम करणाऱ्या शिलिंगबाईंनी मधे भोक असलेली एक छोटी पितळी चकती तयार केली. नेमकं लागेल तेवढंच पेट्रोल तिच्यातून जाई. 1941 मध्ये त्या आपल्याच नॉर्टनवर बसून एकेक विमानतळ गाठत होत्या आणि त्या चकत्या बसवून घेत होत्या. कार्ब्युरेटरच्या पोटात काय चालतं हे त्यांना कॉलेजात कळलं की रविवारी ट्रॅकवर, कोण सांगणार? आमच्या गॅरेजातला मिस्त्री म्हणेल, ट्रॅकवर. माझंही मत तिकडेच झुकतं.

मात्र ब्रुकलँड्सचं शेजारपण सुखाचं नव्हतं. ट्रॅक सुरू झाल्यापासूनच आजूबाजूचे रहिवासी आवाजानं वैतागले होते. रात्रीच्या शर्यती बंद झाल्या, प्रकरण कोर्टात गेलं आणि 1920 च्या दशकात मोठे सायलेन्सर सक्तीचे झाले. स्वारांनी कुरकुर केली आणि सायलेन्सर बसवले. हा भाग शर्यतीच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. उसनी जागा घेतली की शेजाऱ्याची झोपही हिशेबात धरावी लागते.

‘हौशी’ कुणाला म्हणायचं, यावरही तंटे झाले. आइल ऑफ मॅनवर 1923 पासून खास हौशी स्वारांची वेगळी शर्यत सुरू झाली. पण कारखानदार मागच्या दारानं गाड्या, सुटे भाग, मदत पुरवू लागले. कोण खरा हौशी आणि कोण झाकला पगारी, हे ठरेना. शेवटी 1930 मध्ये नावातला ‘हौशी’ शब्द काढून तिचं ‘मँक्स ग्रां प्री’ असं नामकरण झालं. या बेटाच्या डोंगरी मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वारांनी प्राण गमावले आहेत. दगडी भिंती, घरांचे कोपरे, दिव्यांचे खांब यांच्यामधून जाणारा तो रस्ता आहे. त्याची थोरवी गाणारे पुष्कळ आहेत. मला तो आकडा ओलांडून पुढे जाता येत नाही.

ऑगस्ट 1939 मध्ये ब्रुकलँड्सवर शेवटची शर्यत झाली. युद्धात तिथे विमानांचं उत्पादन वाढलं, कारखान्यासाठी काँक्रीटची कड फोडली गेली आणि 1946 मध्ये जागा विकली गेली. स्वार पुन्हा बेघर झाले. पण जाता जाता युद्धानं त्यांना एक वेगळंच घबाड दिलं होतं. बॉम्बफेकी विमानांसाठी घाईनं बांधलेले शेकडो विमानतळ आता ओस पडले होते. सिल्व्हरस्टोन त्यातलाच एक. सप्टेंबर 1947 मध्ये काही मित्रांनी कुणाला न विचारता तिथे मोटरींची शर्यत लावली. मधे मेंढी आली, मेली, गाडीही खराब झाली, आणि त्या शर्यतीचं नाव पडलं ‘मटण ग्रां प्री’. पुढल्याच वर्षी गवताच्या गठड्या आणि तेलाची पिंपं मांडून तिथे अधिकृत शर्यती सुरू झाल्या. स्नेटरटन, थ्रक्स्टन, कॅसल कूम हीही मुळात युद्धकाळातली विमानतळंच. रविवारच्या क्लब-शर्यती तिथे नांदू लागल्या.

हेच आपल्याकडे घडलं. मद्रासच्या उत्तरेला शोलावरम इथे दुसऱ्या महायुद्धातली अशीच एक सोडून दिलेली धावपट्टी होती. 1953 मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि पुढची तीनेक दशकं शोलावरम म्हणजे भारतातल्या शर्यतींची पंढरी झाली. मोटरी पळायच्या, मोटरसायकलीही पळायच्या. आयात जवळजवळ बंद. त्यामुळे जी गाडी दूधवाला आणि पोस्टमन चालवी, तीच उघडून तयार करायची. मद्रासची बुलेट, म्हैसूरची जावा, आणि पुढे 1983 नंतर राजदूत 350, 1985 नंतर यामाहा आरएक्स 100. सिलिंडरची पोर्टं घासायची, हेड उतरवून तासायचं, सायलेन्सर आपल्या हातानं वळवायचा. आमच्या बाकड्यावरचा एक म्हातारा मिस्त्री सांगायचा की कानानं इंजिन लावायची विद्या त्या दिवसांतली. मीटर नव्हते म्हणून कान तयार झाले.

1990 मध्ये या क्लबानं चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै इथे स्वतःचा ट्रॅक सुरू केला. लांबी 3.7 किलोमीटर, वळणं बारा. हौशी माणसांच्या एका क्लबाच्या मालकीचा हा ट्रॅक. उसनवारी संपली ती इथे. कोईमतूरला एस. करिवर्धन यांच्या नावाचा करी मोटर स्पीडवे झाला. 1995 मध्ये विमान अपघातात गेलेल्या या माणसानं शर्यतीच्या गाड्या देशात बनवून दाखवल्या होत्या. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट 2011 चा. महाराष्ट्रातल्या बहुतेक हौशी स्वारांना मोठ्या ट्रॅकसाठी आजही गाडी टेम्पोत घालून एवढं अंतर कापावं लागतं.

आणि ज्यांना ते परवडत नाही? आमच्या गावाबाहेर नवा बायपास झाला आहे. रात्री अकरानंतर तिथे पोरं जमतात. दोन वर्षांपूर्वी त्यातल्या एकाला आम्ही कब्रस्तानात पोचवून आलो. एकोणीस वर्षांचा होता. समोरून उसाची ट्रॉली आली, तिला मागचा दिवा नव्हता की पुढचा, यावर लोक नंतर बरेच दिवस बोलत होते. जनाजात त्याचे मित्र मागे उभे होते, हेल्मेट हातात धरून. त्या रात्री मात्र डोक्यावर एकाच्याही नव्हतं. वडीलधाऱ्यांनी ‘मस्ती’ म्हणून विषय संपवला. मला तसा तो संपवता आला नाही. बिआट्रिस शिलिंगच्या अंगात जी हौस होती, तीच या पोराच्या अंगात नव्हती असं मी कशावरून म्हणू?

मागच्या वर्षी भाच्याबरोबर मी इरुंगट्टुकोट्टैला गेलो. शर्यत नव्हती, ‘ट्रॅक डे’ होता. पैसे भरायचे, आपली गाडी आणायची आणि मोकळ्या ट्रॅकवर चालवायची. नंबर नाही, बक्षीस नाही. भाचा बँकेत कारकून आहे. त्याच्या गटात एक दंतवैद्य होते, एक टेम्पोचा धंदा करणारे होते, कॉलेजच्या दोन मुली होत्या. सकाळी आधी तपासणी. ब्रेक, टायर, चेन; तेलाचा बोल्ट तारेनं बांधलाय का; हेल्मेट, चामड्याचा सूट, हातमोजे, पाठीचं कवच. मग झेंड्यांची शिकवणी. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक करायचं नाही. लाल म्हणजे सगळ्यांनी वेग उतरवून परत यायचं. काळा म्हणजे ‘तुम्हीच, बाहेर या’. नवशिके वेगळे, मुरलेले वेगळे. एका वेळी वीसेक मिनिटं, कारण त्याहून जास्त वेळ डोकं ठिकाणावर राहत नाही.

सी-वन नावाच्या पहिल्या वळणाला एक मुलगा घसरला. गाडी एकीकडे, तो दुसरीकडे, दोघेही मातीत. लाल झेंडा पडला, रुग्णवाहिका हलली, सगळे परत आले. मुलगा उठून उभा राहिला, चामड्यावरची माती झटकली आणि आधी गाडी कशी आहे ते विचारलं.

भाच्याची पाळी येण्यापूर्वी मी त्याला मदत केली. गाडीचे दोन्ही आरसे काढून माझ्या हातात दिले. मग पुढच्या दिव्यावर त्यानं चिकटपट्टी लावली, फुली मारल्यासारखी. पडलीच गाडी तर काच ट्रॅकवर सांडू नये म्हणून. मी म्हटलं, ‘‘दिवा झाकला, आता दिसणार कसं?’’ तो म्हणाला, ‘‘मामू, इथे समोरून कुणी येत नाही.’’