पुस्तकाच्या पानांतून संग्रहालयात : खारच्या रावबहादूर धुरंधरांची चित्रे

सचित्र पोथीचे मोल जैन समाजास वेगळे सांगावयास नको. कल्पसूत्र आणि कालकाचार्यकथा यांच्या पोथ्या आधी ताडपत्रावर व पुढे कागदावर लिहिल्या गेल्या, चित्रांनी सजल्या आणि शतकानुशतके ज्ञानभांडारांत वेष्टनात बांधून जपल्या गेल्या. म्हणूनच त्यांची पाने आज संग्रहालयांत पाहावयास मिळतात. छापखान्याच्या युगातील पुस्तकचित्रांना असे भाग्य क्वचितच लाभले. पुस्तक छापून झाले की मूळ चित्राचे काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत असे. या पार्श्वभूमीवर, खारदांड्याच्या शेजारी खार येथे वास्तव्य केलेल्या एका थोर चित्रकाराच्या पुस्तकचित्रांची कथा लक्षणीय आहे.

हे चित्रकार म्हणजे रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर. त्यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. १८९० साली ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. पुढे तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ साली निवृत्त झाले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांच्या आत्मचरित्राचे नाव याच प्रदीर्घ सेवेचे स्मरण देते. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. पौराणिक व ऐतिहासिक प्रसंगांची त्यांची भव्य चित्रे सर्वपरिचित आहेत. परंतु त्यांच्या हातून झालेले पुस्तकांचे काम तितकेच विपुल आहे.

१९१२ साली मुंबईचे तत्कालीन पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांचे 'बायवेज ऑफ बॉम्बे' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शहराच्या गल्लीबोळांतील जीवनाचे वर्णन करणाऱ्या या पुस्तकासाठी धुरंधरांनी चित्रे काढली. १९१४ साली सी. ए. किंकेड यांचे 'डेक्कन नर्सरी टेल्स' निघाले. महाराष्ट्रातील घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या वारांच्या व व्रतांच्या कहाण्या त्यात इंग्रजीत आल्या आहेत. आटपाट नगरातील राजा, राणी आणि गरीब ब्राह्मण यांना परदेशी वाचकापुढे उभे करण्याचे काम धुरंधरांच्या कुंचल्याने केले. शब्द परभाषेत गेले, तरी लुगड्याचा काष्टा, अंगावरचा दागिना आणि उभे राहण्याची ढब अस्सल मराठीच राहिली.

१९२० साली प्रसिद्ध झालेल्या ऑटो रॉथफील्ड यांच्या 'विमेन ऑफ इंडिया' या ग्रंथात धुरंधरांची ४८ रंगीत चित्रे आहेत. निरनिराळ्या प्रांतांतील व समाजांतील स्त्रिया त्यांत दिसतात. या मालिकेत जैन साध्वी आहे, तशीच मुंबईची मासळी विकणारी कोळीणही आहे. माणसांची जातवार वर्गवारी करणारी राज्यकर्त्यांची दृष्टी त्या ग्रंथाच्या मजकुरात जाणवते आणि आजच्या वाचकाने ती सावधपणेच स्वीकारावयास हवी. चित्रांतील निरीक्षण मात्र याच भूमीत वाढलेल्या माणसाचे आहे. राजघराण्यातील स्त्री असो वा श्रमजीवी, दोघींकडे पाहताना चित्रकाराची एकाग्रता सारखीच राहते. वस्त्रप्रावरणांच्या व राहणीच्या इतिहासासाठी ही चित्रे म्हणूनच मोलाची आहेत.

पुस्तकचित्राची शिस्त वेगळी असते. चित्राचे छायाचित्र घेऊन त्यावरून छपाईचा ठसा तयार होई आणि तो बहुधा मूळ चित्राहून लहान असे. रेषा मोघम असेल, तर ती छपाईत हरवून जाई. सतत रेखाटन करण्याच्या सवयीमुळे धुरंधरांची रेषा या कसोटीस उतरली. त्यांच्या चित्रांची पोस्टकार्डेही निघाली आणि ज्यांनी कधी चित्रप्रदर्शन पाहिले नाही, अशा घरांतही त्यांची कला पोहोचली.

१ जून १९४४ रोजी धुरंधरांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात खारमधील 'अंबासदन' या निवासस्थानी कन्या अंबिका धुरंधर यांनी पित्याच्या चित्रांचा ठेवा सांभाळला. १९१२ साली जन्मलेल्या अंबिकाबाई स्वतः ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या चित्रकर्त्री होत्या. 'माझी स्मरणचित्रे' हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे. २००९ साली त्यांचे निधन झाले. समुद्राजवळच्या दमट हवेत कागद टिकवणे किती कठीण असते, हे येथील रहिवाशांना ठाऊकच आहे. कसर, बुरशी आणि पावसाळ्याची ओल यांपासून कागदी चित्रे वाचवायची, तर वर्षानुवर्षे दक्ष राहावे लागते.

सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरले. ज्येष्ठ चित्रकार सुहास बहुळकर यांनी त्याची मांडणी केली होती. तैलचित्रांसोबत जलरंगचित्रे, रेखाटने, पुस्तकचित्रे व पोस्टकार्डे प्रेक्षकांसमोर आली. एरवी पुस्तकाच्या पानांत मिटून राहणारी लहानशी चित्रे भव्य चित्रांच्या पंक्तीत बसली. या संग्रहालयासमोरच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे आणि तेथील संग्रहात कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या आहेत. पोथीतील चित्रे आणि छापील पुस्तकासाठी काढलेली चित्रे, या दोन परंपरा त्या काळात रस्त्याच्या दोन बाजूंस एकमेकींसमोर होत्या.

दोन्ही परंपरांचा बोध एकच आहे. कलावंत चित्र निर्माण करतो. त्याला इतिहासात स्थान मिळते, ते जपणाऱ्या हातांमुळे. एका मोठ्या चित्रकाराचे कागदही कोणी सांभाळले नसते, तर नष्ट झाले असते. मग साध्या कुटुंबांच्या व संस्थांच्या कागदांची काय कथा! जुनी छायाचित्रे, पत्रिका, हस्तलिखिते, जमाखर्चाच्या वह्या आणि उत्सवांच्या निमंत्रणपत्रिका यांना घराघरांत रद्दीचे मोल असते. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवासारखा प्रसंग ही त्यांची नोंद करून, नावे व तारखा लिहून, कोरड्या जागी ठेवण्याची उत्तम संधी होय. श्रुतभक्तीचा वारसा लाभलेल्या समाजाला हे कार्य परके नाही. ज्यांनी पोथ्या जपल्या, त्यांचे ऋण पुढचे कागद जपूनच फेडता येईल.