सीफायर : जमिनीवरच्या विमानाची समुद्रयात्रा

स्पिटफायर म्हटलें कीं १९४० च्या उन्हाळ्यांत इंग्लंडच्या आकाशांत झालेला संग्राम डोळ्यांपुढें उभा राहतो. तेंच विमान आरमाराच्या चाकरीस धाडल्यावर त्याचें काय झालें, ही हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. ‘सीफायर’ या नांवाखालीं झालेलीं त्याचीं रूपांतरें जुन्या याद्यांत एकाखालीं एक मांडलेलीं असतात. प्रत्येक आकडा मागल्याहून मोठा, प्रत्येक यंत्र मागल्याहून बलवान्. वाचणारास वाटावें, ही अखंड प्रगतीच होय! आम्हांस ती यादी निराळ्या रीतीनें वाचावीशी वाटते. या विमानाचें खरें दुखणें पहिल्या दिवसापासून उघड होतें, त्यावरचा उपाय सर्वांच्या शेवटीं आला, आणि मधल्या काळांतील किंमत तरुण वैमानिकांनीं भरली, असें आमचें मत आहे.

रेजिनाल्ड मिचेल यांनीं रचलेलें स्पिटफायर ५ मार्च १९३६ रोजीं प्रथम उडालें. पुढल्याच वर्षीं मिचेल वारले व जोसेफ स्मिथ यांनीं तें काम पुढें चालविलें. विमान हलकें, वेगवान व देखणें होतें. पण त्याचीं चाकें एकमेकांच्या फार जवळ होतीं, त्यांचे पाय नाजूक होते, आणि पुढें यंत्राचें लांबच लांब नाक असल्यामुळें उतरतांना वैमानिकास समोरचें दिसत नसे. हिरवळीच्या मैदानावर हे दोष खपून जात. विमानवाहू जहाजाचा डेक मात्र लाटांबरोबर वर-खालीं होत असतो. त्यावर विमान जवळजवळ आपटावेंच लागतें, आणि पोटाखालचा आंकडा तारेंत अडकला नाहीं तर पुढें एक अडथळा व त्यापलीकडे समुद्र!

१९४० च्या आरंभीं आरमारानें पंख मिटणारीं ५० स्पिटफायर मागितलीं होतीं; तेव्हांचे आरमारमंत्री चर्चिल यांनीं ती मागणी रद्द केली. जमिनीवरील दळासच त्या वर्षीं एक एक विमान मोलाचें होतें, हें ध्यानांत घेतां त्यांस सर्वस्वी दोष देतां येत नाहीं. तथापि परिणाम असा झाला कीं, पुढें नड लागली तेव्हां समुद्रासाठीं नवी रचना करण्यास सवडच उरली नाहीं. तयार स्पिटफायरला आंकडा जोडला, धड कांहींसें बळकट केलें, आणि १९४२ सालीं सीफायर कामावर रुजू झालें. पंख मिटत नसल्यामुळें कित्येक जहाजांच्या पाळण्यांत तें मावत नसे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याची पहिली मोठी परीक्षा झाली.

खरी परीक्षा सालेर्नोची. ९ सप्टेंबर १९४३ रोजीं दोस्तांच्या फौजा इटलीच्या त्या उपसागरांत उतरल्या. सिसिलीहून येणाऱ्या विमानांस तेथें थोडाच वेळ घिरट्या घालतां येत, म्हणून पांच जहाजांवरील १०६ सीफायरांवर संरक्षणाचा भार पडला. वारा जवळजवळ पडलेला होता. चार लहान जहाजांचा वेग जेमतेम सतरा-अठरा नॉट. डेकवर समोरून वारा नसला म्हणजे विमान तितक्याच अधिक वेगानें येऊन आदळतें. पाय मोडले, पंख्याचीं पातीं डेकवर आपटून तुटलीं, धडें वांकलीं. पात्यांचीं टोकें कापून काम भागतें कीं काय, हाहि प्रयोग झाला! किनाऱ्यावरचें विमानतळ लवकर हातीं येईल ही अपेक्षा फसल्यानें तीं दमलेलीं माणसें व यंत्रें ठरल्याहून अधिक दिवस राबलीं, आणि दोन दिवसांत निम्म्याहून अधिक विमानें निकामी झालीं. शत्रूनें पाडलेलीं त्या मानानें थोडीं. हा पराभव डेकनें केला होता.

वैमानिकांच्या माथीं दोष मारणें सोपें होतें, व तें कांहींनीं केलेंहि. एरिक ब्राउन या निष्णात चाचणी-वैमानिकानें मात्र, सरळ न येतां वळण घेत घेत डेकवर यावें म्हणजे नाकाच्या बाजूनें जहाज दिसत राहतें, हें दाखवून दिलें. विमान न बदलतां माणसाची रीत बदलून झालेली ही सुधारणा आम्हांस कित्येक नव्या आकड्यांहून मोलाची वाटते.

तिसऱ्या आवृत्तींत पंख हातांनीं मिटतां येऊं लागले. हीच सर्वांत अधिक संख्येनें बनली. प्रशांत महासागरांत तिचा खालच्या उंचीवरील वेग आत्मघातकी जपानी विमानांविरुद्ध उपयोगी पडला, पण इंधन अपुरें पडे. तेव्हां एका तुकडीनें दुसऱ्याच जातीच्या विमानांच्या जादा टाक्या मद्याच्या पेट्या देऊन मिळविल्या, अशी गोष्ट सांगतात! १५ ऑगस्ट १९४५ च्या सकाळीं, शरणागतीची घोषणा होण्यापूर्वीं, सीफायर टोकियोजवळ लढतच होतीं.

पंधराव्या आवृत्तींत मर्लिनच्या जागीं ग्रिफन हें दांडगें यंत्र आलें. तें उलट दिशेस फिरत असल्यामुळें उड्डाण करतांना विमान उजवीकडे ओढ घेई, आणि जहाजाचा मनोरा नेमका उजवीकडेच! सतराव्या आवृत्तींत पाय बळकट झाले. शेवटच्या सत्तेचाळिसाव्या आवृत्तींत चाकांमधील अंतर वाढलें आणि उलट-सुलट फिरणाऱ्या दोन पंख्यांनीं ती ओढहि नाहींशी केली. पण तोंवर महायुद्ध संपून गेलें होतें, आणि विमानाचा भार मूळच्या दुपटीवर गेला होता. पहिल्या स्पिटफायरमध्यें बत्तीस उतारू सामानासह बसविले तर जितकें वजन होईल तितकें याचें भरतें, असा हिशेब मांडला गेला आहे.

१९५० च्या जुलैंत ‘ट्रायंफ’ जहाजावरून हीं विमानें कोरियाच्या युद्धांत उतरलीं. आतां पाय टिकत होते. परंतु उतरतांनाचे धक्के धडाच्या मागल्या भागास बसून पत्र्यास सुरकुत्या पडूं लागल्या. तपासणींत एकामागून एक विमान उड्डाणास अयोग्य ठरत गेलें. सप्टेंबरअखेर ‘ट्रायंफ’ त्या पाण्यांतून परत फिरलें, तेव्हां तिच्यावरचीं फारच थोडीं सीफायर उडण्याच्या स्थितींत उरलीं होतीं.